बिऱ्हाड, बनाव आणि नाते : मराठी विनोदी चित्रपटातील एका सूत्राचा इतिहास

१

विनोदाच्या मीमांसेची मराठीतील परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे आणि पु. ल. देशपांडे यांच्या विनोदाविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. विनोदी चित्रपट मात्र या मीमांसेच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. चित्रपटाची संहिता छापील स्वरूपात सहसा उपलब्ध नसते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अभिरुचीचे आहे. १९८५ नंतर आलेल्या विनोदी चित्रपटांच्या लाटेचा उल्लेख समीक्षेत बहुधा ऱ्हासाचे लक्षण म्हणूनच झाला. हे चित्रपट चांगले की वाईट, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला, तरी दुसरा एक प्रश्न उरतो. एखादे कथासूत्र अर्धशतक पुनःपुन्हा वापरले जाते आणि प्रेक्षक त्याला दरवेळी दाद देतो, तेव्हा त्या सूत्रात समाजाची कोणती गरज गुंतलेली असते?

प्रस्तुत निबंधात अशा एकाच सूत्राचा माग घेतला आहे. राहायला जागा हवी म्हणून केलेला बनाव, त्या बनावातून निर्माण झालेले खोटे नाते आणि शेवटी त्या खोट्याचे खरे होणे, हे ते सूत्र होय. मराठी विनोदी चित्रपटातील प्रेम आणि मैत्री यांची घडण या सूत्राकडे पाहिल्यावाचून नीट उलगडत नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा या सूत्राचा सर्वांत परिपूर्ण आविष्कार आहे आणि विवेचनाचा केंद्रबिंदूही तोच आहे. तथापि ज्या क्षमेवर या चित्रपटाचे सारे हास्य उभे आहे, ती क्षमा कोणाला उपलब्ध असते, हाही प्रश्न विचारावा लागेल. त्यासाठी एका अगदी वेगळ्या साहित्यकृतीकडे वळावे लागेल.

२

सैद्धांतिक पातळीवर दोन विचारांचा आधार येथे घेतला आहे. पहिला भरताचा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचा उगम शृंगारात सांगितला आहे. शृंगाराची अनुकृती म्हणजे हास्य, अशी तेथील मांडणी आहे. प्रेमाची नक्कल हास्यास्पद होते, एवढाच तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. परंतु 'अनुकृती' या शब्दात आणखी एक शक्यता आहे. नक्कल करणाऱ्याला मूळ वस्तूचे सर्व उपचार पार पाडावे लागतात. पत्नीचे सोंग घेतलेल्या पुरुषाला पत्नीची कामे करावी लागतात, पतीला तिची काळजी असल्याचे दाखवावे लागते. उपचारांच्या या सातत्यातून नाते रुजते काय, हा विनोदी चित्रपटाचा खास प्रश्न आहे.

दुसरा विचार नॉर्थ्रप फ्राय यांचा. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अनॅटमी ऑफ क्रिटिसिझम' या ग्रंथात त्यांनी मिनँडर, प्लॉटस आणि टेरेन्स यांच्यापासून चालत आलेल्या सुखात्मिकेचा आकृतिबंध स्पष्ट केला. तरुण नायकाला तरुणी हवी असते. बहुधा पित्याच्या रूपातील एखादे अवरोधक पात्र आडवे येते. अखेरीस एखाद्या कलाटणीने तो अडथळा दूर होतो आणि नायकाभोवती नवा समाज आकार घेतो. फ्राय यांचे आणखी एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. या अंतिम समाजात शक्य तितक्या लोकांना सामावून घेण्याकडे सुखात्मिकेचा कल असतो. अवरोधक पात्रालाही हाकलून देण्यापेक्षा त्याचे मन वळवणे तिला अधिक मानवते.

मराठी चित्रपटात हा आकृतिबंध तसाच उतरला नाही. वाटेत पित्याची जागा घरमालकाने घेतली. हे स्थित्यंतर कसे घडले, हे आता पाहू.

३

मराठी विनोदी बोलपटाचा पाया अत्रे आणि मास्टर विनायक यांनी घातला. हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी'त (१९३८) प्रेमाला विरोध करणारा पिता महत्त्वाचा नाही. नायक औदुंबर स्वतःच ब्रह्मचर्याचे व्रत घेतो आणि किशोरीच्या सहवासात ते व्रत डळमळते. येथे अडथळा नायकाच्या मनात आहे आणि उपहासाचा रोख काळाच्या आदर्शवादावर आहे. 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात विनायकांनी चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. तेथे लग्न हा प्रेमाचा विषय राहत नाही. तो कुटुंबाचा उपद्व्याप होतो आणि त्या उपद्व्यापात सर्वांत टिकाऊ ठरते ती दोघा भावांची दोस्ती.

राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांच्या 'लाखाची गोष्ट'मध्ये (१९५२) पिता अवरोधक म्हणून परततो, पण त्याची हरकत आता पैशाच्या भाषेत व्यक्त होते. महिनाभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवावेत, अशी त्याची अट आहे. कुळाच्या परीक्षेची जागा ऐपतीच्या परीक्षेने घेतली आणि त्या परीक्षेला नायक एकटा सामोरा जात नाही, मित्राला बरोबर घेऊन जातो. दोन कफल्लक मित्रांची ही जोडी पुढे मराठी विनोदी चित्रपटाची कायमची मिळकत झाली.

पिता आणि बनाव यांचा सांधा फार पुढे, महेश कोठारे यांच्या 'धूमधडाका'मध्ये (१९८५) ढळढळीतपणे दिसतो. श्रीधर यांच्या 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ चित्रपटाचा तो अवतार होय. त्यावरूनच हिंदीत 'प्यार किये जा' (१९६६) निघाला होता. यात मुलीच्या धनिक बापाला वश करण्यासाठी मित्रच नायकाचा श्रीमंत बाप होऊन येतो. खऱ्या पित्याचा पराभव बनावट पित्याकडून होतो. मैत्री नात्याची नक्कल करते आणि ती नक्कल अस्सल नात्यापेक्षा अधिक कामाची ठरते, हा या चित्रपटाचा हिशेब आहे. येथवर घर मात्र कोणी मागितलेले नाही.

४

घराचा प्रश्न विनोदात शिरण्यामागे कायद्याचा एक इतिहास आहे. मुंबई भाडे, हॉटेल आणि निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७ या कायद्याने प्रमाणभूत भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधार मानली. युद्धकाळातील टंचाईतून भाडेकरूला वाचवणे हा कायद्याचा हेतू होता आणि असंख्य कुटुंबांना त्याने खरोखर आधार दिला. परंतु भाडे गोठले, की जागा कोणाला द्यावी याचा निर्णय भाड्याच्या रकमेवर होऊ शकत नाही. तो अन्य निकषांवर होऊ लागतो. पागडी हा त्यांतील एक निकष. ओळखपाळख, जातगोत, नोकरी आणि संसार हे दुसरे. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर जागेत राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. आत आलेला माणूस पुन्हा बाहेर जाईलच याची शाश्वती मालकाला उरली नाही. जागा देणे म्हणजे जवळजवळ सोयरीक करण्यासारखे झाले आणि भाडेकरूची चौकशीही सोयरिकीसारखीच होऊ लागली. एकट्या तरुणाला जागा नाकारण्याच्या प्रथेला या परिस्थितीने बळच दिले.

लग्नासाठी घर हवे आणि घरासाठी लग्न झालेले हवे, असे हे विचित्र चक्र आहे. सुखात्मिकेला असे चक्र फार मानवते. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'त (१९७०) त्याचा पहिला भाग दिसतो. लग्न झाले आहे, पण लहानशा जागेतल्या भरल्या कुटुंबात नवदांपत्याला एकांत नाही. बासू चटर्जी यांनी 'पिया का घर' (१९७२) या नावाने हिंदीत नेलेल्या या कथेत पती-पत्नीच्या आड कोणीही दुष्ट माणूस येत नाही. त्यांच्या आड येते ते चौरस फुटांचे गणित.

चक्राचा दुसरा भाग मराठीत बंगालमार्गे आला. कोलकात्याच्या 'मेस'मध्ये राहणारे नोकरदार पुरुष हा बंगाली विनोदाचा आवडता विषय होता. निर्मल दे यांच्या 'साडे चुआत्तर' (१९५३) या चित्रपटात पुरुषांच्या अशाच एका मेसमध्ये एक कुटुंब आपल्या तरुण मुलीसह येऊन दाखल होते आणि सगळ्या बिऱ्हाडाची घडी विस्कटते. १९५५ साली 'जय माँ काली बोर्डिंग' आला. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' (१९६६) केला. हिंदी चित्रपटाच्या शीर्षकातच बायको आणि घर ही जोडी आहे. घर हवे म्हणून मित्रांपैकी दोघे बायका होतात, हे कथाबीज तेथून मराठीत आले.

टंचाईतून असे विनोदी कथानक उगवणे ही केवळ भारतीय घटना नव्हे. जॉर्ज स्टीव्हन्स यांच्या 'द मोअर द मेरियर' (१९४३) या अमेरिकन चित्रपटात युद्धकाळातील वॉशिंग्टनमधील जागेची टंचाई हेच प्रेमकथेचे निमित्त आहे. तेथे एक तरुणी आपल्या घराचा अर्धा भाग एका वृद्धाला भाड्याने देते आणि तो वृद्ध आपल्या अर्ध्यातला अर्धा एका तरुणाला देऊन टाकतो. मात्र त्या कथेत पेच आहे तो अनोळखी स्त्री-पुरुषांनी एका छपराखाली राहण्याचा. भाडेकरूने आपण कोणाचे कोण आहोत हे सिद्ध करावे, अशी अट तेथे नाही. मराठी चित्रपटात सारे अवलंबून आहे ते या अटीवर.

५

सचिन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'अशी ही बनवाबनवी'ची संहिता वसंत सबनीस यांची आहे. 'विच्छा माझी पुरी करा'चे लेखक म्हणून त्यांचा लोकनाट्याशी असलेला संबंध सर्वज्ञात आहे आणि तो येथे अप्रस्तुत नाही. मराठी रंगभूमीवर पुरुषाने स्त्री होण्याच्या दोन रीती होत्या. बालगंधर्वांच्या रीतीत पुरुष पूर्णपणे विसरला जावा अशी अपेक्षा असे. फार्सच्या रीतीत, म्हणजे अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त, पुरुष एक क्षणही विसरला जाऊ नये अशी व्यवस्था असते. सबनीस आणि सचिन यांनी दोन्ही रीती एकाच घरात आणून ठेवल्या. सुधीरची सुधा दिसायला पटण्याजोगी आहे; परशाची पार्वती मुळीच पटण्याजोगी नाही, तरीही घरमालकीण तिच्यावर विश्वास ठेवते.

या विश्वासाकडे हास्याच्या ओघात दुर्लक्ष होते. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या धनंजय मानेकडे एकामागून एक मित्र येऊन थडकतात आणि घरमालक विश्वास सरपोतदार त्यांना बाहेर काढतो. त्यानंतर मिळू शकणारी जागा लीलाबाई काळभोरांची. पण तेथे प्रवेश विवाहित जोडप्यांनाच आहे. सरपोतदार आणि लीलाबाई हे फ्रायच्या परिभाषेतील दोन अवरोधक होत. पहिल्याशी भाडेकरूचे नाते निव्वळ व्यवहाराचे आहे. तेथे बनाव ही फक्त फसवणूक ठरते आणि पकडली जाताच संपते. लीलाबाईंना माणसे हवी आहेत. त्यांच्या मालमत्तेवर डोळा ठेवणारा रक्ताचा नातलग कथेत आहेच. त्याच्या शेजारी ही खोटी कुटुंबे उभी केली, की अस्सल आणि नकली यांचा क्रम उलटा होतो. ज्याचे नाते खरे आहे त्याचे प्रेम खोटे आहे. ज्यांचे नाते खोटे आहे त्यांची माया हळूहळू खरी होत जाते.

पार्वतीच्या डोहाळजेवणाचा प्रसंग या दृष्टीने कळीचा आहे. डोहाळजेवण हा बायकांनी बायकांसाठी करायचा सोहळा. तेथे खोटी पत्नी, खोटा गर्भ, पण ओटी भरणाऱ्या हातांतील आपुलकी खरी. पडद्यावरील विनोद परशाच्या अडचणीतून निर्माण होतो. प्रसंगाचे मर्म मात्र लीलाबाईंच्या आनंदात आहे. भरताची अनुकृती येथे टोकाला पोहोचते आणि तिचा विषयही पालटतो. नक्कल आता शृंगाराची राहिलेली नाही, ती वात्सल्याला पात्र होण्याची झाली आहे. प्रेक्षक परशाला हसतो, लीलाबाईंना हसू शकत नाही. हा संयम लेखक-दिग्दर्शकांनी जाणीवपूर्वक सांभाळला आहे. त्यामुळेच अखेरीस बनाव उघड झाल्यावर लीलाबाईंनी केलेली क्षमा कथानकाची सोय म्हणून येत नाही. पूर्वी घडलेल्या आपुलकीचे ते फळ ठरते.

चित्रपटात चार प्रेमकथा आहेत. धनंजयला त्याची मालकीण माधुरी आवडते, परशाची कमळी आहे, सुधीर आणि शंतनू यांच्याही प्रेयसी आहेत. पण या चारही कथा जोडीने चालणाऱ्या आहेत. मुख्य धाग्यावर चार पुरुषांची मैत्री आणि एका वृद्धेशी त्यांचे अनपेक्षित जुळलेले नाते आहे. सुखात्मिकेच्या शेवटी विवाह होतात ते परंपरेला धरून. त्या विवाहांना छप्पर मात्र मैत्रीने आणि मानलेल्या आईने दिलेले आहे. मराठीत 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. मानण्याने नाते सिद्ध होते, हा आपल्या भाषेचाच निर्वाळा आहे. चित्रपटाने तो कथेत उतरवला.

६

या आकृतिबंधाविषयी तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की खोटे अखेर खरे होतेच, ही सुखात्मिकेची भाबडी समजूत आहे. या आक्षेपाला सई परांजपे यांनी 'कथा'मध्ये (१९८३) कृतीने उत्तर दिले. स. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आधारलेल्या या हिंदी चित्रपटात मुंबईतील एका चाळीत राहणाऱ्या राजारामकडे त्याचा मित्र बाशू येऊन राहतो. तोही बनवाबनवी करतो, तोही चाळीला जिंकतो. पण त्याच्या नकलेतून काहीच खरे होत नाही आणि लग्नाच्या तोंडावर तो पळ काढतो. ज्या आपुलकीने लीलाबाईंच्या घरात नाती रुजतात, तीच आपुलकी चाळीला फसवणुकीपुढे असहाय करते. 'कथा' आणि 'बनवाबनवी' एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर मराठी विनोदाने या सूत्राची दुसरी बाजूही ओळखली होती, हे मान्य करावे लागते.

दुसरा आक्षेप स्त्रियांविषयीचा. जागेसाठी वणवण करणारे सारे पुरुष आहेत. स्त्रिया आधीच कोणाच्या तरी घरात आहेत. चार मैत्रिणींना जागा हवी आहे आणि त्यासाठी त्यांतील दोघी नवरे झाल्या आहेत, अशा कथेत हास्य इतके निर्धास्त राहिले असते काय? स्त्रीवेष घेतलेले पुरुष घरकाम करतात, डोहाळे पुरवून घेतात, पण स्त्री म्हणून घरात राहणे म्हणजे काय याची जाणीव त्यांना स्पर्श करीत नाही. वेष उतरला की ते पूर्ववत होतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बाबूराव बागुलांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहाची शीर्षककथा 'जेव्हा मी जात चोरली होती' हिचे कथासूत्र आठवावे. रेल्वेतील नोकरीसाठी परगावी गेलेला दलित तरुण आपली जात सांगत नाही. त्यामुळे त्याला राहायला जागा मिळते, सहकाऱ्यांचा आदर आणि जिव्हाळाही मिळतो. पुढे जात उघड होते आणि जिव्हाळा दाखवणारे हातच त्याला मारहाण करतात. घटनांची चौकट तीच आहे : परगाव, जागेची गरज, बनाव, बनावातून जुळलेले नाते, उघडकीचा क्षण. फरक पडतो तो या शेवटच्या क्षणी. 'बनवाबनवी'त त्या क्षणाला क्षमा आहे, बागुलांच्या कथेत त्याच क्षणाला शिक्षा आहे.

ही तुलना चित्रपटाला दोष देण्यासाठी केलेली नाही. तिच्यामुळे सुखात्मिकेची एक अलिखित अट नजरेस येते. चारही मित्रांनी लपवले ते लिंग आणि वैवाहिक स्थिती. वेष उतरवला की या दोन्ही गोष्टी पूर्ववत होतात आणि खऱ्या लग्नाने कायदेशीरही होतात. मालकिणीच्या मूल्यव्यवस्थेला त्यातून धोका नाही. जात ही वेषाप्रमाणे उतरवता येणारी गोष्ट समाजाने मानलेली नाही; म्हणून ती लपवणे ही गंमत न ठरता 'चोरी' ठरते. माने, सरपोतदार, काळभोर अशी आडनावे चित्रपटात वावरतात, तरी जागा देताना त्या काळी, आणि नंतरही, विचारला जाणारा पहिला प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तो विचारला असता तर चित्रपटाला सुखात्मिका राहणे अवघड झाले असते. फ्राय ज्या सर्वसमावेशक अंतिम समाजाविषयी बोलतात, त्याचे दार कोठपर्यंत उघडते, हे आपल्याला बागुलांच्या कथेकडून शिकावे लागते. बागुलांच्या कथेतही एक अनपेक्षित नाते आहेच. मार खाणाऱ्याला सोडवतो तो जात न लपवणारा दुसरा दलित सहकारी. त्या नात्याला बनावाचा टेकू लागत नाही.

७

भाड्याचा जुना कायदा जाऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळवण्याची जलद वाट त्याने मालकाला दिली. अकरा महिन्यांच्या करारांच्या काळात भाडेकरू हा होऊ घातलेला सोयरा राहिला नाही. एकट्या माणसाला जागा नाकारणे थांबले असे नव्हे, पण एका बिऱ्हाडात वर्षानुवर्षे टिकणारा बनाव कथानकाचा आधार म्हणून दुबळा झाला. सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त (२०१०) एकमेकांना अपरिचित असलेले दोघे एक दिवस पुण्यात हिंडतात. चित्रपट त्यांना नावेही देत नाही. प्रेम घर सोडून रस्त्यावर आले आहे. हेमंत ढोमे यांच्या 'झिम्मा'त (२०२१) वेगवेगळ्या वयांच्या आणि स्तरांतील सात बायका परदेशातील सहलीत एकत्र येतात आणि मैत्रिणी होतात. १९८८ साली पुरुषांच्याच वाट्याला आलेली मैत्री येथे बायकांच्या वाट्याला येते. त्यासाठी त्यांना घराबाहेर, किंबहुना देशाबाहेर जावे लागते, ही बाब सूचक आहे.

या साऱ्या इतिहासातून एक निष्कर्ष काढता येतो. मराठी विनोदी चित्रपटाने प्रेमाचा विचार दोन व्यक्तींपुरता क्वचितच केला. प्रेमाला जागा लागते, जागेला दुसऱ्याची संमती लागते आणि ती संमती मिळवताना माणूस ज्यांचा कोणी नव्हता त्यांचा कोणीतरी होऊन बसतो, हे त्याचे सूत्र आहे. हे सूत्र हास्यास्पद प्रसंगांतून मांडले गेले म्हणून ते हलके ठरत नाही. एखाद्या समाजात कोणते खोटे क्षम्य मानले जाते, याची नोंद विनोदी कृतीइतकी स्पष्टपणे क्वचितच सापडते. कोणते खोटे क्षम्य मानले जात नाही, याची नोंद मात्र अन्यत्र शोधावी लागते. विनोदाच्या अभ्यासकाने या दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत. तसे केल्यास चित्रपटातील हास्य कमी होणार नाही. ते कोणाच्या घरात बसून आपण हसत आहोत, याचे भान तेवढे येईल.